चित्रे खाटेसमोर हवीत

मा. संपादक,

रुग्णालयांच्या भिंतींवर झाडे आणि मेंदू एकत्र रंगवण्याविषयीचा आपला लेख मनापासून पटला. हे साम्य केवळ चित्रकाराच्या कल्पनेतले नाही. लहान मेंदू उभा कापला की आतला पांढरा भाग फांद्या फुटलेल्या झाडासारखा दिसतो. शरीरशास्त्रात त्याचे नावच 'जीवनवृक्ष' आहे. मात्र ही चित्रे प्रवेशद्वारापाशी नकोत, खाटेसमोर हवीत. संशोधक रॉजर उलरिच यांच्या १९८४च्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. पक्षाघातानंतर माझी आई तीन आठवडे ओल आलेल्या भिंतीकडे पाहत पडून होती. कमाटीबागेतले वडाचे पान नेऊन दिले, तर त्याच्या शिरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा