आई, मासे सोडू नकोस

पुणे, फेब्रुवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पणजीच्या डॉक्टरबाईंशी काल सविस्तर बोलले. पाठीवर केलेल्या तपासणीचा अहवाल आला आहे आणि आईच्या खाजेचं कारण सापडलं आहे. फोनवर सांगितलं तर आई नुसतं ‘हं, हं’ म्हणेल, बाबांना अर्धं ऐकू येणार नाही आणि दुसऱ्या दिवशी पथ्य होतं तसंच चालू राहील. म्हणून सगळं लिहून पाठवते. बाबा, पत्र मोठ्याने वाचून दाखवा, आणि मग कपाटात बंद न करता स्वयंपाकघरात हाताशी ठेवा.

आई, कारण तुझ्या ताटात नाही. तू जे खाल्लंस त्यात ते कधीच नव्हतं, ते तुझ्या बोटांना लागत होतं. शेवंती, आणि शेवंतीच्या कुळातली आणखी काही झाडं. हे ऐकून तुला वाईट वाटणार, कारण शुक्रवारची देवीची माळ तू आजवर कुणाच्या हाती दिलेली नाहीस. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी मला माशांचं बोलू दे, कारण माझा जीव तिथे जास्त तुटतो.

आधी तू सुंगटं बंद केलीस. मग तिसऱ्या, मग बांगडा, मग वांगं, मग शेंगदाणे. जानेवारीत मी आले तेव्हा बाबांना माशांचं हुमण वाढून स्वतः पेज आणि लोणचं घेऊन बसलीस. तुझे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलेत, हे मी पाहिलं. या वयात अंगावरचं मांस एकदा झडलं की भरून यायला फार वेळ लागतो, आणि मासा हा आपल्या घरात प्रथिनांचा मुख्य आधार. तो काढून घेतल्यावर उरलं काय?

हे सगळं झालं त्या रक्ताच्या ‘अ‍ॅलर्जी तपासणी’मुळे. पानभर यादी, प्रत्येकापुढे आकडा, कोळंबीपुढे, म्हणजे आपल्या सुंगटांपुढे, लाल खूण. डॉक्टरबाईंनी मला त्यामागचं समजावलं. रक्तात जे मोजतात ते लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीचं द्रव्य. तशा माणसाने कोळंबी खाल्ली तर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, दम लागतो. तुला जन्मात असं झालेलं नाही. मग लाल खूण का? घरातल्या धुळीत, गाद्या-उश्यांत सूक्ष्म किडे असतात, आणि आपल्या दमट हवेत ते भरपूर असतात. त्यांच्या अंगात जे एक प्रथिन असतं, तसंच कोळंबीच्याही अंगात असतं. शरीर त्या किड्यांना ओळखत असेल तर कोळंबीचा आकडाही वर येऊ शकतो, माणूस कोळंबी आयुष्यभर सुखाने खात असला तरी. आकडा वर आला म्हणजे त्रास आहेच, असं नाही. आणि तुझ्या पुरळाची जात तर त्या रक्ताच्या तपासणीत दिसणारीच नव्हे.

मासा खाऊन चेहरा लाल झाला, अंग खाजलं, असं गावात लोक सांगतात, तेही खोटं नाही. बांगड्यासारखा मासा बर्फाविना उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन साठतं, आणि ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ला की थोड्याच वेळात अंग तापतं, लाल होतं, आणि बहुतेक वेळा दिवसभरात उतरतं. तो दोष त्या दिवशीच्या मासळीचा. महिनोन् महिने बोटांना चिरा पडणं आणि पापण्या सुजणं हे त्याचं काम नाही.

बाबा, तुम्ही कालनिर्णयच्या चौकोनांत खर्च लिहिता त्याचा किती उपयोग झाला सांगू! डॉक्टरबाईंनी ते कॅलेंडर मागून घेतलं होतं, आठवतं ना? त्यात एका बाजूला तुमचे ‘फुलं’, ‘मासळी’ असे खर्च, आणि आईने पेन्सिलीने केलेल्या खाजेच्या खुणा. श्रावणात आपल्याकडे महिनाभर मासा शिजत नाही, आणि खाजेच्या खुणा सगळ्यात दाट श्रावणात आणि पुढे दिवाळीपर्यंत. म्हणजे मासा नव्हता तेव्हाच त्रास जास्त. उलट फुलं मात्र त्याच दिवसांत सर्वाधिक. श्रावणातली आयताराची (रविवारची) पूजा, गणपतीची चवथ, नवरात्र, दसरा.

दुसरी गोष्ट त्यांनी वारांवरून दाखवली. गुरुवारी बाबा बाणस्तारीच्या बाजारातून शेवंती आणतात, संध्याकाळी आई शुक्रवारची माळ ओवते. खाज भडकते शनिवारी रात्री नाहीतर रविवारी. आणि रविवारी दुपारी घरात सुंगटांचं जेवण, म्हणून दोष सुंगटांवर! स्पर्शाने होणारी ही अ‍ॅलर्जी तासाभरात उठत नाही. त्वचेतल्या पेशींनी तो पदार्थ ओळखायचा, मग बाकीच्यांना गोळा करायचं, यात दीड-दोन दिवस जातात, कधी तीन. त्यामुळे माणूस ज्या दिवशी खाजवतो त्या दिवशीच्या जेवणात कारण शोधतो, आणि ते असतं परवाच्या कामात. आई, तुझा यात काही दोष नाही. असं जोडून बघायला कुणी तुला सांगितलंच नव्हतं. आजवर प्रत्येकाने ‘काय खाल्लं?’ एवढंच विचारलं, ‘हातात काय धरलं?’ हे पहिल्यांदा या बाईंनी विचारलं.

पुरळ कुठे आहे यावरूनच त्यांना संशय आला होता. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं, म्हणजे फूल चिमटीत धरायची बोटं. पापण्या, कारण तिथली कातडी सगळ्यात पातळ आणि आपण नकळत डोळ्यांना हात लावतो. आणि मानेचा मागचा भाग, जिथे फुलांची वेणी टेकते. पोट, पाठ, मांड्या स्वच्छ. पोटातून आलेलं काही असतं तर असं चिमटीपुरतं आणि वेणीपुरतं उठलं नसतं.

खरुज नाही, बुरशी नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कातडीचा कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं होतं. साखर, थायरॉइड, मूत्रपिंड ठीक आहे. रक्तदाबाच्या गोळीनेही कधी कधी खाज येते म्हणून तीही तपासून झाली, ती गोळी बदलायची नाही.

आता तपासणीसाठी पाठीवर चिकटवलेल्या चकत्या. आई, दोन दिवस पाठ कोरडी ठेवताना तू किती कंटाळलीस ते मला माहीत आहे. म्हणूनच तर त्यांनी पावसाळ्यात किंवा मे महिन्यात ती तपासणी केली नाही. घामाने चकत्या सुटतात, आणि अंगावर पुरळ भडकलेलं असताना खरं उत्तर मिळत नाही. बाबांना आवडेल म्हणून लिहिते : ही पद्धत याडासोन नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली मांडली. सव्वाशे वर्षांनंतरही स्पर्शाच्या अ‍ॅलर्जीचं कारण शोधायला तीच सगळ्यात भरवशाची आहे. प्रत्येक चकतीत एकेक संशयित थोडासा घालतात. दागिन्यांतलं निकेल, सिमेंट-चामड्यातलं क्रोमेट, केसांच्या कलपातलं रसायन, सुगंधी द्रव्यं, रबर, मलमांतली औषधं. त्याशिवाय तुझ्या घरच्या वस्तू होत्याच : शेवंतीची पाकळी आणि पान, अबोली, तुझं केसांचं तेल. दोन दिवसांनी चकत्या काढून पाहिलं, आणि परत दोन दिवसांनी पाहिलं. गाजर गवताच्या जागी लाल, जाड, बारीक फोडांचा ठिपका. शेवंतीच्या पानाच्या जागी तसाच. पाकळीच्या जागी थोडा कमी. अबोलीची जागा कोरी. निकेलची कोरी, म्हणजे मंगळसूत्र काढून ठेवायचं कारण नाही.

गाजर गवत म्हणजे रस्त्याकडेला पांढऱ्या बारीक फुलांचं जे माजतं, काँग्रेस गवत म्हणतात ते. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात, आणि १९५० च्या दशकात आपल्या देशात ते पहिल्यांदा नजरेत भरलं ते इथे पुण्यातच. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं वाढलेलं असतं. आता आठव, तू माझ्याकडे राहायला आली होतीस तेव्हा डोळे सुजून उघडेनात. बर्फातला मासा तुला नको, म्हणून इथे तू मासळीला हातही लावला नव्हतास, पण रोज सकाळी त्याच प्लॉटवरून फिरायला जात होतीस. गाजर गवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही एकाच कुळातली, आणि कातडीला त्रास देणारी त्यांची द्रव्यं एकमेकांच्या फार जवळची. एकाने शरीर चिडलं की दुसऱ्यानेही चिडू शकतं.

या कुळाची आणखी दोन माणसं घरात शिरली होती. शेजारच्या काकींनी प्रेमाने लावायला दिलेला दगडी पाल्याचा रस, आणि तुझ्या तेलातला माका. दोन्ही त्याच कुळातले. जखमेवर दगडी पाला पिढ्यान् पिढ्या लावत आलेत, आणि ज्याला अ‍ॅलर्जी नाही त्याला तो काही करत नाही. तुझ्या चिरलेल्या बोटांवर मात्र तो नको होता. रस लावल्यावर दोन दिवसांनी हात भडकला तो यामुळे. काकींना मात्र यातलं काही बोलू नकोस, त्यांना उगीच वाईट वाटेल.

तू विचारशील, ‘लग्न होऊन आल्यापासून फुलं ओवते, मग आत्ताच कसं?’ मीही हेच विचारलं. ही अ‍ॅलर्जी पहिल्या स्पर्शाला होत नाही. काहींना होतच नाही, काहींना वीस-तीस वर्षं रोज हाताळल्यावर होते. भांडी, फिनेल, पाणी यांनी हाताची कातडी कोरडी पडून चिरली की त्या चिरांतून द्रव्य आत शिरतं आणि एकदा शरीराने त्याला शत्रू म्हणून ओळखलं की ती ओळख सहसा पुसली जात नाही. म्हणून ‘आता बरं आहे, थोडी शेवंती ओवून बघते’ असं करायचं नाही. हे मी हात जोडून सांगते.

फार्मसीतून विचारून आणलेली ती ट्यूबही आता बंद. तिच्यात जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध, जंतूंचं औषध असं सगळं एकत्र आहे. लावलं की दोन दिवस बरं वाटतं, सोडलं की परत येतं, आणि पापण्यांवर असं स्टेरॉइड महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, डोळ्यांतला दाब वाढू शकतो. बाईंनी हातांसाठी वेगळं आणि पापण्यांसाठी वेगळं सौम्य मलम लिहून दिलंय, किती दिवस ते कागदावर आहे. रात्रीची झोप आणणारी खाजेची गोळीही त्यांनी थांबवायला सांगितली. या खाजेवर तिचा फारसा उपयोग नाही, आणि तिच्या गुंगीत रात्री उठताना तुझा तोल जातो हे बाबांनी मला सांगितलं आहे.

हात धुतल्यावर लगेच, ओले असतानाच, साधं व्हॅसलीन. भांड्यांना काही दिवस बाबा. पुरळ पूर्ण बसायला दीड-दोन महिने लागतील, म्हणून आठवड्यात फरक दिसला नाही तर धीर सोडू नकोस.

आणि देवीची माळ. आई, देवीला शेवंतीच हवी असं काही नाही. अबोली तुझी, तपासून झालेली. जाई, मोगरा, तगर, जास्वंद यांतलं कुणीच त्या कुळातलं नाही. अंगणातली अबोली पावसाआधी वाढवून घेऊ, मागच्या दारी जागा आहे, मी शिमग्याला येईन तेव्हा कलमं लावू. झेंडू, डेलिया, अ‍ॅस्टर मात्र नकोत. दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण लागेलच, ते बाबा ओवतील आणि सुकल्यावर बाबाच काढतील, कारण सुकलेल्या फुलांतही ते द्रव्य राहतं. चवथीला पाहुण्या बायका वेण्या आणतील तेव्हा नको म्हणायला संकोचू नकोस, अबोलीची फाती केसांत माळ.

बाबा, तुमच्यावर तीन कामं. गुरुवारी बाणस्तारीहून शेवंती आणायची नाही. आईच्या तेलाच्या बाटल्यांवरचा मजकूर चष्मा लावून वाचायचा, माका दिसला की बाजूला ठेवायची. आणि कॅलेंडरवर खुणा करणं थांबवायचं नाही, पुढच्या महिन्यात डॉक्टरबाईंकडे जाताना तेच घेऊन जायचंय.

तब्येतीला जपा. या रविवारी जेवणात काय केलं ते मला फोनवर सांगा.

तुमची
लेक