हमिंग गेलं, काका

आदरणीय काका,

शि. सा. न. वि. वि.

काल रात्री दिवे मालवायला उठलो, तर अंधारात ॲम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, लालसर दिसले. तो चालूच राहिला होता, स्पीकर जोडलेला होता आणि मला पत्ता नव्हता. चार महिन्यांपूर्वी हाच डबा सुरू केला की दुसऱ्या खोलीतला माणूस उठून विचारायला यायचा, कसला आवाज येतोय म्हणून. तेव्हाच ठरवलं, आता तुम्हाला पत्र लिहायचं. उघडपणे लिहितोय, कारण सभेत भाषणांसाठी वापरायचे जुने ॲम्प्लिफायर अडगळीतून काढून त्यावर गिटार वाजवू पाहणारे आणखीही असतील. तुम्ही मला शिकवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

मी आलो ते हमिंग, म्हणजे स्पीकरमधली सततची गुणगुण, घालवायला. तुम्ही मात्र आधी मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या विजेची, वायर हातात घेतलीत. दोनच तारा, वरचं रबर तडकलेलं, आणि आत मेन्सपासून चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेला एक म्हातारा कंडेन्सर. तो शॉर्ट झाला तर चासी मेन्सवर येते आणि चासीला जोडलेल्या गिटारच्या तारासुद्धा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कारण आठवडाभर मी त्यावर वाजवत होतो! तुम्ही तो कंडेन्सर कापून टाकलात, तीन तारांची वायर घातलीत, अर्थिंगची तार वेगळ्या बोल्टने चासीला आवळलीत. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब ठेवलात; तो भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, एवढं समजायला मीटरही लागत नाही. आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्ट बसून असतात, ते रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, हे तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत.

स्पीकरचं लवकर उरकलं. मी ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्ट लाइनच्या टर्मिनलला लावला होता आणि आवाज दबका, फाटका येतो म्हणून व्हॉल्व्हला दोष देत होतो. ते टर्मिनल लांबवरच्या भोंग्यांसाठी असतं. ३० वॅटच्या ॲम्प्लिफायरला तिथे शंभराचा वर्ग भागिले तीस, म्हणजे साधारण ३३३ ओहमचा भार हवा. शेजारीच ८ ओहमचं टर्मिनल होतं. तार हलवली आणि आवाज मोकळा झाला. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालवू नये, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, हेही त्याच वेळी कळलं.

पण सगळ्यात मोठं ऋण आहे ते ऐकायला शिकवल्याचं. मी हमिंगला एकच रोग समजत होतो. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "यात दोन आहेत." मेन्स ५० हर्ट्झचे असले तर हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) तारा, ट्रान्सफॉर्मर किंवा अर्थिंगचा फेरा यांतून ५० हर्ट्झचं जाड, गोल 'हूं' येतं. एसीचं डीसी करणाऱ्या पूर्ण-लहरी रेक्टिफायरनंतरचा कंडेन्सर सुकला की १०० हर्ट्झचं, जरा खरखरीत. ते कानाला कळल्यावर व्हॉल्यूम शून्यावर आणलात. खरखर तशीच राहिली, म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातली. जाड 'हूं' कमी झालं, म्हणजे ते व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातलं. मग बंद करून पहिला व्हॉल्व्ह, ईसीसी ८३, उपटलात, पुन्हा चालू केलं, व्हॉल्यूम उघडला, आणि 'हूं' गायब. दहा मिनिटांत, सोल्डरिंग आयर्न गरम व्हायच्या आत, दोन्ही दुखणी कुठे आहेत ते कळलं. मी त्याआधी निम्मे कंडेन्सर अंदाजाने बदलून बसलो होतो.

खरखर फिल्टरचा कंडेन्सर बदलल्यावर बरीचशी गेली. मला तिथे २२० मायक्रोफॅरडचा घालायचा होता, मोठा तेवढा चांगला या हिशोबाने. तुम्ही थांबवलंत. जीझेड ३४ रेक्टिफायरला पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडपर्यंतच चालतो. त्यापेक्षा मोठा घातला तर चार्ज होतानाचा धक्का त्या व्हॉल्व्हला सोसत नाही. उरलेली खरखर स्पीकर चालवणारे दोन ईएल ३४ व्हॉल्व्ह बरोबरीचा करंट घेत नव्हते म्हणून होती. पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढतात त्या जोडणीत, दोघे सारखे चालले तरच ती आपोआप एकमेकांत कटते. एकाच्या ग्रिडचा कागदी कंडेन्सर गळत होता.

'हूं' मात्र चिवट निघालं. हीटरच्या तारा पिळून चासीच्या कोपऱ्यातून नेल्या, दोन्ही तारांपासून अर्थला शंभर-शंभर ओहम दिले, तरी थोडं राहिलंच. शेवटी तुम्ही माइकचा छोटा ट्रान्सफॉर्मर हातात धरून नुसता फिरवलात आणि आवाज कमी-जास्त झाला! तो मेन्स ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडत होता. गिटारला त्याची गरजच नव्हती, म्हणून काढूनच टाकला. तो क्षण मी विसरणार नाही.

आणि एका गोष्टीची कबुली द्यायची आहे. घरी नेल्यावर रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरला जोडला आणि हमिंग परत आलं. मी प्लगमधली अर्थिंगची तार सोडली, हमिंग थांबलं, आणि आनंदाने तुम्हाला फोन केला. तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात. "आत्ता बंद कर. तोडायचंच असेल तर सिग्नलच्या तारेत तोड, जीव वाचवणाऱ्या तारेला हात लावू नकोस." दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः येऊन सिग्नलच्या तारेत १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवलात. अर्थिंग जागेवर, हमिंग नाही. तुम्ही तेव्हा रागावलात याबद्दल मी तुमचा फार फार आभारी आहे.

परवा आणखी एक ॲम्प्लिफायर मिळालाय, पहिल्यापेक्षा जुना. वायर दोनच तारांची आहे, म्हणून अजून प्लग लावलेला नाही. रविवारी घेऊन येऊ का?

आपला नम्र,
गिटारवाला