विमानातून दिसलेलं शिकागो

ती. आई-बाबा,
सा. न.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटांत अर्णव फोन हिसकावतो आणि पुढची वीस मिनिटं तुम्हाला त्याच्या डायनोसॉरचं पोट दिसत राहतं. शिवाय कागद हातात असला की बाबांना लाल पेनाने खुणा करता येतात. तेव्हा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या आणि दुपारच्या चहाला दोघं मिळून वाचा.

तिकिटं निघाली. जूनचा दुसरा आठवडा ते ऑगस्टचा मध्य. गणपतीच्या आत तुम्ही साताऱ्यात, हे कबूल.

मागच्या वेळचं एक मनात राहिलंय, ते आधी लिहिते. अर्णवच्या वेळी तुम्ही पाच महिने इथे होतात. नोव्हेंबर ते एप्रिल. आई, तू त्याला तेल लावलंस, मला शेक दिलास, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, धुणं, घड्या. बाबा रोज डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून पत्रपेटीपर्यंत जायचे आणि जाहिरातींचे कागद घेऊन परत यायचे. शिकागो आमच्या घरापासून ट्रेनने तासाभरावर, आणि तुम्ही ते पाहिलंच नाहीत. मी प्रत्येक शनिवारी म्हणायचे, जरा थंडी कमी होऊ दे. मग तुम्ही परत गेलात आणि घरी पोचल्यावर बाबांचा फोन आला, "विमानातून दिसलं गं तुझं शिकागो. डाव्या खिडकीतून. छान दिसतं." बाबा ते सहज म्हणाले. मी मात्र फोन ठेवून स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी होते.

तर या वेळी मी आठ दिवस रजा घेतली आहे. अर्णव आता शाळेच्या समर कॅम्पला जातो. तुम्ही बघायला येताय, सांभाळायला नाही.

बाबा, तुमच्यापासून सुरुवात करते. तुम्ही मागे खिडकीतून बर्फ बघत विचारलं होतंत, "इथली नदी कुठून कुठे वाहते?" मी तेव्हा कुठेतरी वाहत असेल म्हटलं. आता नीट उत्तर देते: ती उलटी वाहते. शिकागो नदी मुळात मिशिगन सरोवरात जाऊन मिळायची. शहराची सगळी घाण नदीत, नदी सरोवरात, आणि पिण्याचं पाणीही सरोवरातूनच. पटकी आणि टायफॉईडने माणसं मरायची. मग यांनी सुमारे 45 किलोमीटरचा कालवा खणला, नदीच्या तळापेक्षा खोल, पश्चिमेकडे उतार देऊन, आणि तिकडच्या डे प्लेन्स नदीला जोडला. जानेवारी 1900 मध्ये बांध फोडला आणि नदीने तोंड फिरवलं. आता सरोवराचं पाणी नदीत येतं आणि इलिनॉय, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखातात जातं.

आता तुमच्या आवडीची गोष्ट. खालच्या अंगाला मिझुरी राज्यातलं सेंट लुईस शहर. त्यांनी म्हटलं, तुमची घाण आमच्या दारात का? मिझुरी राज्य कोर्टात निघालं हे कळताच शिकागोवाल्यांनी गाजावाजा न करता भल्या सकाळी कालवा सुरू करून टाकला. 1906 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने मिझुरीचा दावा फेटाळला. पुढे सरोवराकाठची बाकीची राज्यंही भांडायला उठली, आणि शेवटी 1967 च्या हुकुमाने शिकागोच्या इलिनॉय राज्याने सरोवरातून सरासरी 3,200 क्युसेकच पाणी घ्यायचं असं ठरलं. क्युसेक वाचून तुम्ही चष्मा पुसला असणार! कृष्णा पाणी तंटा लवादाची कात्रणं तुम्ही ज्या फायलीत लावलीत, तिच्यात हे पानही लावा.

हे सगळं पाहायचं बोटीतून. नदीवर दीड तासाची फेरी असते. एक माणूस माइकवर इमारतींची माहिती देतो आणि आपण बसून माना वर करायच्या. आई, तू लगेच कन्याकुमारी काढशील. शिला स्मारकाच्या बोटीत तुला झालं होतं ते मला आठवतं, बाबांच्या नव्या शर्टासकट. पण ही नदी आहे, समुद्र नाही. पाणी टाकीतल्यासारखं स्थिर, बोट सावकाश. गोळी घे हवी तर, पण ये.

बाबांसाठी दुसरी एक बोट बघून ठेवली आहे, नदीतून सरोवरात जाणारी. नदीच्या तोंडाशी 1938 पासून जलपाश आहे, म्हणजे बोट वर-खाली नेणारा दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद. सरोवराची पातळी नदीपेक्षा दोन ते पाच फूट वर असते. बोट आत शिरते, मागचे दरवाजे बंद होतात, पुढचे फटीएवढे उघडतात आणि पाणी आपसूक भरत जातं. पंप नाही, काही नाही. भिंतीवरची ओली रेघ हळूहळू बुडताना दिसते आणि कळतं की आपण वर आलो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुमच्याबरोबर धोम धरणाच्या डाव्या कालव्यावर गेटं बघत उभी राहायचे ते आठवलं. बोटीतले बाकीचे सगळे इमारतींचे फोटो काढत होते.

मिशिगन अॅव्हेन्यूच्या पुलाखाली एक छोटंसं संग्रहालय आहे, पूल जिथून चालवतात त्या बुरुजातच. 1920 चा पूल, दोन मजली, मधोमध दुभंगून वर उचलला जाणारा. मागे भलंमोठं वजन लटकवलंय, तराजूसारखं, त्यामुळे उचलायला मोटर लहानशीच पुरते. दातेरी चाकं डोळ्यांसमोर. आत जिने मात्र फार. बाबा एकटे जातील. आई, आपण दोघी नदीकाठी बसून आइस्क्रीम खाऊ.

इमारतींबद्दल थोडं. 1871 च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला आणि नंतर इथे लोखंडी सांगाड्याच्या उंच इमारती उठल्या. त्यातली पहिली म्हणतात ती, 1885 ची, 1931 मध्ये पाडूनही टाकली. तुम्ही विमानातून पाहिलीत ती काळी, सर्वांत उंच, ती सिअर्स टॉवर. 2009 पासून नाव विलिस टॉवर, पण सिअर्सच म्हणा, इथले लोकही तसंच म्हणतात. उंची 442 मीटर. तिचा सांगाडा ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांनी बेतला, आपल्या शिबपूरच्या कॉलेजातही शिकलेले. नऊ चौकोनी नळकांडी एकमेकांना बांधली, दोन 50 व्या मजल्यावर थांबवली, दोन 66 व्या, तीन 90 व्या, आणि दोनच टोकापर्यंत नेली. एकटी काडी वाऱ्याने वाकते, मोळी वाकत नाही, एवढंच तत्त्व. शेजारच्या चौकातल्या पाटीवर त्यांचं नाव आहे. तिथे तुमचा फोटो काढणार आहे.

वर जायचं का? 103 व्या मजल्यावर काचेच्या पेट्या बाहेर काढल्यात, त्यात उभं राहून लोक पायाखालचा रस्ता बघतात. माझं मत विचाराल तर तासभर रांग, वर भरपूर पैसे, आणि आई डोळे मिटून घेणार. उंच इमारत खालून बघावी, वर गेल्यावर ती इमारतच दिसत नाही. जायचंच असेल तर दुसऱ्या, हॅनकॉक इमारतीच्या 94 व्या मजल्यावर जाऊ. तीही खान यांचीच, आणि तिथून सरोवर दिसतं. समोरचा काठ काही दिसत नाही. आई, पहिल्यांदा पाहशील तेव्हा तू याला समुद्रच म्हणशील. सगळे म्हणतात. फक्त खारा वास नाही.

आता आईचा दिवस. आर्ट इन्स्टिट्यूट, दाराशी दोन काशाचे सिंह, वयाने हिरवे पडलेले. 11 सप्टेंबर 1893 ला याच इमारतीत सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले. "अमेरिकेतील भगिनींनो आणि बंधूंनो" ते इथलंच. ते सभागृह आता उरलेलं नाही हे आधीच सांगते, नाहीतर तू खुर्ची शोधत बसशील. त्याच्या काही जागेवर 1898 मध्ये दुसरं छोटं सभागृह बांधलं. समोरच्या रस्त्याला त्यांच्या नावाची मानाची पाटी आहे. पुण्यात विंचूरकर वाड्यात टिळकांकडे राहिलेला हा संन्यासी 31 मे 1893 ला मुंबईहून बोटीने निघाला आणि जपान, व्हॅंकुव्हर करत इथे पोचला, तेव्हा परिषदेला दीड महिना अवकाश होता, हातात ओळखपत्र नव्हतं आणि अंगावर गरम कपडे नव्हते. एक रात्र तर रेल्वेच्या मालाच्या डब्यात काढली म्हणतात. तुला मागच्या वेळी विमानतळावर पातळ शालीत उतरलेली पाहिलं तेव्हा मला हीच गोष्ट आठवली होती. 2010 मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी तिथल्या मोठ्या जिन्याच्या एकेका पायरीवर त्या भाषणाचे शब्द दिव्यांनी लिहिले होते. तुझे गुडघे आणि तो जिना यांचा हिशेब मी केलाय: लिफ्ट आहे, चाकाची खुर्ची मागितली की मिळते. लाजू नकोस.

तिथून दहा मिनिटांवर तो प्रसिद्ध आरसा. "क्लाउड गेट", करणारे अनिश कपूर, जन्म मुंबईचा. सगळे त्याला बीन म्हणतात. आई, तू त्याला वालच म्हणशील, मोड येण्याआधी भिजून फुगलेला. स्टीलचे 168 पत्रे जोडलेत, पण सांधा शोधून सापडत नाही. दहा मीटर उंच, त्यात सगळं शहर आणि आपण वाकलेले. खाली कमानीत शिरून वर बघा, एकाची चार-पाच माणसं दिसतात. पहाटेसारखं लवकर जाऊ, दुपारी तिथे एसटी स्टँड होतो. शेजारीच काचेच्या विटांचे दोन मनोरे आहेत. त्यांवर शहरातल्या माणसांचे चेहरे येतात आणि तोंडातून पाण्याची चूळ सोडतात. अर्णव भिजल्याशिवाय निघत नाही, तेव्हा त्याचे जादा कपडे बाबांच्या पिशवीत.

आणि महत्त्वाचं, आई, तू विचारणारच आहेस: रस्त्यापलीकडे कल्चरल सेंटर आहे, पूर्वीचं सार्वजनिक वाचनालय, 1897 चं. तिकीट नाही, बसायला खुर्च्या, स्वच्छ बाथरूम, आणि डोक्यावर रंगीत काचेचा असा घुमट की बाथरूमला आलेली माणसं मान वर करून उभी राहतात. डबा कुठे खायचा ते तिथल्या पहारेकऱ्याला विचारून घेऊ. थालीपीठं मी करेन, तू नाहीस.

ट्रिब्यून टॉवरच्या भिंतीत जगभरच्या इमारतींचे तुकडे बसवलेत, ताजमहालाचाही आहे. हात लावून या. नेव्ही पियर वगळू, ती चौपाटीच आहे, भेळ नसलेली. आकाशपाळणा तेवढा बघा लांबून, कारण जगातला पहिला मोठा आकाशपाळणा याच शहरात 1893 च्या जत्रेत फिरला, 264 फूट उंच. फील्ड म्युझियममधला डायनोसॉर अर्णव तुम्हाला स्वतः दाखवणार आहे, भाषण पाठ आहे त्याचं. मध्येच प्रश्न विचारू नका, पहिल्यापासून सुरू करतो.

डेव्हन अॅव्हेन्यूला, म्हणजे देशी बाजारात, शेवटच्या दिवशी जाऊ. एका टप्प्याला तिथे गांधी मार्ग म्हणतात. साड्या, सोनं, चाट, सगळं. पण आई, तू इथून कढीपत्ता आणि मला साताऱ्याहून कंदी पेढे, असा व्यवहार ठरलाय. तिथे जाऊन पेढे घ्यायचे नाहीत.

चपला नव्या आणू नका, वापरून सैल झालेले बूट आणा. जूनमध्येही सरोवरावरून गार वारा येतो, तेव्हा एकेक स्वेटर हातातल्या बॅगेत. बाबा, तुमची साइटवरची पुठ्ठ्याची वही आणा, जलपाशाची लेव्हल लिहायला. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट.

आणि आई, डिंक आणू नकोस. यंदा घरात कोणी बाळंतीण नाही.

तुमची,
मनू