एपीआयमधून जुन्या सौद्यांच्या अपुऱ्या नोंदी मिळत असल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: एपीआयमधून मिळालेल्या मार्च व ऑक्टोबरच्या सौद्यांच्या अपुऱ्या नोंदी

महोदय/महोदया,

मी सहा वर्षांपासून आपल्या शेअर ब्रोकिंग कंपनीचा खातेदार आहे आणि गेल्या वर्षापासून एपीआयची, म्हणजे माझ्या प्रोग्रामला आपल्या सर्व्हरकडून थेट माहिती मागवता येते त्या सोयीची, वेगळी मासिक वर्गणीही भरतो. ऑर्डर टाकायला मला एपीआय नकोच होते. माझे जुने सौदे माझ्या संगणकावर उतरवून घ्यावेत आणि नफा-तोट्याचा हिशेब स्वतः मांडावा, एवढ्यासाठी ते घेतले.

तीन महिन्यांपूर्वी मी मागच्या पूर्ण वर्षाचे सौदे महिन्यामहिन्याने मागवले. बाराही वेळा सर्व्हरने २०० हा कोड दिला, म्हणजे सारे सुरळीत. हिशेब लावला तर एका कंपनीचे शेअर माझ्याकडे उणे १४० निघाले. मी आजवर एकदाही शॉर्ट सेलिंग, म्हणजे हाती नसलेल्या शेअरची विक्री, केलेले नाही. साहजिकच आधी स्वतःच्या स्क्रिप्टवर, म्हणजे हिशेबाच्या छोट्या प्रोग्रामवर, संशय घेतला. आधी घेतलेला शेअर आधी विकला असे धरून हिशेब करणारा भाग तीनदा नव्याने लिहिला, दोन रात्री त्यातच गेल्या. शेवटी वैतागून नुसत्या ओळी मोजल्या. मार्चच्या उत्तरात बरोबर ५०० ओळी. ऑक्टोबरच्याही बरोबर ५००. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मार्च एकेक दिवस करून पुन्हा मागवला, तर ७३१ सौदे हाती आले.

म्हणजे एका मागणीला ५०० च्या वर नोंदी द्यायच्या नाहीत, असे आपल्या सर्व्हरचे धोरण दिसते. मर्यादेबद्दल माझी तक्रार नाही. स्क्रिप्टने घाई केली की आपण ४२९ हा ‘फार मागण्या झाल्या’ असे सांगणारा कोड पाठवून तिला थांबवता, ते मी निमूट पाळतो. पण इथे उरलेल्या २३१ सौद्यांबद्दल अवाक्षर नाही. एकूण नोंदी किती, पुढचे पान आहे का, ते कसे मागायचे, यातले काहीच उत्तरात येत नाही आणि डॉक्युमेंटेशनमध्येही हा आकडा कुठे सापडत नाही. त्यात नोंदी नव्याकडून जुन्याकडे लावलेल्या असल्यामुळे कापली जाते ती महिन्याची सुरुवात. विक्री राहते, तिच्या आधीची खरेदी गळते. अपुरी माहिती अपुरी म्हणून दिली असती, तर चार ओळींचा कोड जास्त लिहून मी मोकळा झालो असतो. ती पूर्ण असल्याच्या थाटात दिली, हे मला खटकले आहे.

तक्रार केल्यावर उत्तर आले की ब्राउझरची कॅशे साफ करा. स्क्रिप्टला ब्राउझर लागत नाही असे कळवले, तर ॲप पुन्हा इन्स्टॉल करायला सांगितले. तिसऱ्या खेपेस फोनवर एका कर्मचाऱ्याने निदान प्रश्न समजून घेतला आणि संकेतस्थळावरून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) उतरवून घ्यायला सुचवले.

तीही उतरवली. सौदे सगळे आहेत, पण ट्रेड आयडी, म्हणजे प्रत्येक सौद्याचा क्रमांक, १८ अंकी आहे आणि एक्सेल १५ अंकांपुढे शून्ये भरते. एकच ऑर्डर तुकड्यातुकड्यांनी पुरी झाली, की त्या सौद्यांचे आयडी शेवटच्या एक-दोन अंकांनीच वेगळे असतात. एक्सेलमध्ये ते सगळे सारखे दिसतात. दुबार नोंदी काढायला जावे, तर खरे सौदेच उडतात. एपीआयही हा आयडी अवतरणचिन्हांशिवाय, आकडा म्हणून पाठवते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत माझे निभावते. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत मात्र ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचा पूर्णांक भरवशाचा राहत नाही. आयडीची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, मग तो मजकूर म्हणून का देत नाही?

वेळेचाही असाच घोळ. सौद्याची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत, ऑर्डरची वेळ साध्या तारखेसारखी, आणि ती कुठल्या टाइमझोनची याचा उल्लेख नाही. ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे, हे मी ताळा करून शोधले.

खाते उघडल्यापासूनचे माझे सर्व सौदे, आयडी मजकुराच्या रूपात ठेवून, पंधरा दिवसांत मला मिळावेत. एपीआयच्या उत्तरात एकूण संख्या आणि पुढच्या पानाची खूण कधीपासून येईल, ते तारखेसह कळवावे. तोवर ५०० ची मर्यादा डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून टाकावी. एका वाक्याचे काम आहे. पहिल्या तक्रारीपासूनची तीन महिन्यांची वर्गणीही परत मिळावी.

आपला,
एक खातेदार

सोबत: मार्चचे मूळ उत्तर (५०० नोंदी), मार्चची दिवसवार उत्तरे (७३१ नोंदी), आधीच्या ईमेलच्या प्रती. दोन्ही फायली कृपया एक्सेलमध्ये उघडू नयेत.