तापकीर गल्लीत भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, पण तो तुमच्याच सांगण्यावरून. वेल्ह्याहून परतताना चेलाडी फाट्यावर चहा घेताना तुम्ही बजावलं होतंत, "आभारबिभार आत्ता नको. एक पावसाळा जाऊ द्या, मग सांगा टिकलं का ते." पावसाळा गेला, दिवाळीही झाली. माझ्या वेल्ह्याच्या खोलीत तुम्ही करून दिलेलं विजेचं काम टिकलंय.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. दोन्ही खेपांना वायर, लग, ग्लँड यांचं बिल तेवढं माझ्या हातात दिलंत, तेही खालून रेघ मारून. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, सूनबाई जेवायला बोलावतायत" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. सूनबाई वाचून दाखवतील, तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

इतरांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी माझी पत्र्याची एक खोली आहे. सरकतं छप्पर, आत दुर्बीण, तिला धरून आकाशात हवं तिकडे फिरवणारा मोटारवाला माउंट, कॅमेरा, एक मिनी पीसी आणि सिमकार्डवर चालणारा राउटर. कोथरूडच्या गच्चीवरून आता मोजके तारे दिसतात, म्हणून एवढ्या लांब. साठ-पासष्ट किलोमीटर, आणि शनिवारी नवले पुलावर अडकलो की अडीच तासांची निश्चिती. दुर्बीण घरून चालवता येते. पण कॅमेरा लटकला की लटकला. पीसीला तो दिसेनासा होतो आणि मग एकच औषध: प्लग काढायचा, दहापर्यंत मोजायचं, परत घालायचा. या दहा सेकंदांसाठी मी गेल्या वर्षी जानेवारीत तीन वेळा वेल्ह्याला गेलोय. तिसऱ्या वेळी बायकोने डबा भरून दिला आणि म्हणाली, "तिथेच रहा ना."

मी ३१ वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. दर २८ फेब्रुवारीला मुलांना खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण दाखवायला न्यायचो. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन भुजांवर लांबवर पसरलेल्या. कंट्रोल रूममधून त्या सगळ्या एकदम मान वळवतात, ते पाहून मुलांपेक्षा मीच जास्त हरखायचो. तिथे ते जमतं, तर मला एक प्लग काढता-घालता येऊ नये? या खुमखुमीत मी बुधवार पेठेतून एका ऑफिसच्या सर्व्हर रूममधून निघालेला जुना नेटवर्क पॉवर स्विच आणला. लोखंडी डबा, मागे कॉम्प्युटरच्या पॉवर कॉर्डची आठ तोंडं, नेटवर्कची वायर लावायला एक भोक. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१०० टाकलं की एक पान उघडतं, आठ ओळी दिसतात आणि प्रत्येक ओळीपुढे चालू, बंद, आणि 'बंद करून पुन्हा चालू'. आत प्रत्येक तोंडाला एक रिले, म्हणजे विजेवर हलणारा छोटा खटका. बटण दाबलं की टक्. तो आवाज ऐकून मी खूश.

ही खुशी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी रात्री घरी बसून, नीट विचार करून, मी ओळ क्रमांक एकपुढचं 'बंद' दाबलं. एक नंबरला राउटर होता. बसलो होतो त्याच फांदीवर कुऱ्हाड. पान गायब, वेल्हे गायब. सकाळी सहाला गाडी काढली.

मग शहाणा झालो आणि स्विचमधली स्वयंचलित सोय चालू केली: इंटरनेटवरच्या बाहेरच्या एका पत्त्यावर पिंग करत, म्हणजे 'आहेस का' विचारत राहायचं, उत्तर आलं नाही की राउटरची वीज ३० सेकंद तोडून पुन्हा द्यायची. हे तर आणखी भारी पडलं. राउटरला उठून मोबाइलचं नेटवर्क धरायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात आणि मी थांबायची वेळ ठेवली होती एक मिनिट. म्हणजे बिचारा डोळे उघडतोय तोच डोक्यात टपली. रात्रभर हे चाललं. पुण्यातून मात्र राउटर मेला असंच दिसत होतं.

या अवस्थेत मी तापकीर गल्लीत विजेच्या सामानाच्या एका काउंटरवर 'यापेक्षा चांगला स्विच' मागत होतो, आणि मागे तुम्ही १६ अँपिअरच्या सॉकेटांची पिशवी घेऊन उभे होतात. दुकानदाराच्या आधी तुम्हीच विचारलंत, "लोड काय आहे?" मी गणित करून दिलं: सगळं मिळून २०० वॅट, २३० व्होल्टला एक अँपिअरसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात, "ते चालताना. सुरू होताना किती?" गेलेली वीज आली की सगळे अ‍ॅडॉप्टर एकाच क्षणी आपापले कपॅसिटर भरायला घेतात, तेव्हाचा झटका चालू करंटच्या कितीतरी पट असतो आणि त्याने रिलेचे पॉइंट चिकटतात, हे मला ठाऊक होतं. म्हणजे फळ्यावर ठाऊक होतं. स्विच चांगलाच आहे, त्याला तोंडं एकापाठोपाठ एक, मधे पाच-पाच सेकंद सोडून सुरू करायला सांगा, नवा घेऊ नका, असं सांगून तुम्ही त्या दुकानदाराचं गिऱ्हाईक त्याच्यादेखत घालवलंत. त्याच्या चेहऱ्यावरून तुमची ओळख जुनी असावी असं वाटलं.

मग पिशवीतून बिलाचा कागद काढून, त्याच्या पाठीवर आठ ओळी आखून दिल्यात. प्रत्येक ओळीत दोन रकाने. वीज गेली आणि आली तर हे आपोआप सुरू व्हायला हवं की नको? आणि हे लटकलं तर त्याला बंद-चालूचा झटका कोण देणार? "घरी बसून भरा. भरला की फोन करा, येतो बघायला." भोसरीत ३५ वर्षं मेंटेनन्स केलेल्या माणसाने, अनोळखी मास्तरला, भर गल्लीत.

तो कागद भरायला मला चार दिवस लागले. मी समजत होतो तेवढं सोपं नव्हतं ते. तोपर्यंत भाच्याने मिनी पीसीवर वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे घरापासून खोलीपर्यंत इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा, टाकून दिलं होतं. सिमकार्डच्या कनेक्शनला इंटरनेटवर सहसा स्वतःचा वेगळा पत्ता नसतो, एका पत्त्याआड कंपनीची हजारो गिऱ्हाइकं असतात. त्यामुळे बाहेरून कडी वाजवता येत नाही, आतूनच कुणीतरी बाहेर हात धरून ठेवावा लागतो. तो हात पीसीचा. व्हीपीएन म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही फोनवर फक्त पुढचा रकाना विचारलात, "आणि पीसी लटकला तर?" मी गप्प. पीसी लटकला की बोगदा बंद, बोगदा बंद की स्विचचं पान बंद, म्हणजे ज्याला झटका द्यायचा त्याच्याच हातात दोरी. भाच्याने त्याच रात्री व्हीपीएन राउटरवर हलवलं. एवढा शिकलेला मुलगा, म्हणाला, "मामा, हे काका कुठल्या कंपनीत आहेत?"

राउटरचा प्रश्न मग सरळ सुटला. एक नंबरपुढचं 'बंद' काढूनच टाकलं, आता तिथे फक्त 'बंद करून पुन्हा चालू' आहे. पिंग एकाऐवजी दोन पत्त्यांवर, झटक्यानंतर थांबायचं दहा मिनिटं, आणि तीन झटक्यांत जागा झाला नाही तर तासभर त्याला त्रास द्यायचा नाही. स्विचचा पासवर्डही बदलला. तो अजून कारखान्यातून आलेलाच होता, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

पण मला खरं लिहायचंय ते त्या रविवारबद्दल. तुम्ही आलात, बॅग खाली ठेवलीत, पाणीसुद्धा न घेता मला म्हणालात, "तीन नंबर बंद करा." मी मोबाइलवर बंद केला. टक्. पानावर लाल. "बंद?" बंद, मी म्हटलं. तीन नंबरच्या लीडवर मी तीन पिनी सॉकेट बसवलं होतं. तुम्ही खिशातला टेस्टर काढलात, डाव्या भोकात घातलात, मागे अंगठा टेकवलात.

दिवा पेटला.

अर्थ वर असताना फेज उजवीकडे, हे मी किती वर्गांना शिकवलं असेल. खोलीच्या भिंतीतल्या मूळ पॉइंटमध्येच फेज-न्यूट्रल उलटे होते. स्विच इमानदारीत एकच तार तोडत होता, पण ती न्यूट्रल. कॅमेरा बंद, पान लाल, आणि फेज ऐटीत आतपर्यंत आलेली. मी त्या आठवड्यात तीन वेळा 'बंद' केलेल्या सॉकेटशी खेळलो होतो. तुम्ही हसला नाहीत. "होतं सर," एवढंच म्हणालात आणि एमसीबी पाडून भिंतीतला बोर्ड खोलायला बसलात. आत पालीची तीन अंडी आणि मुंग्यांचं वारूळ म्हणावं इतकी माती. ती तुम्ही पेंटच्या ब्रशने झाडलीत, अंडी कागदावर घेऊन बाहेर गवतात ठेवलीत, आणि मग प्रत्येक भोकाला वायर घट्ट धरून फट बुजवणारं ग्लँड बसवलं.

नंतर मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट ते पाहिलंत. ६० च्या वर. असायला हवेत दोन-तीन. थंडीत दुर्बिणीच्या धातूला हात लावला की मुंग्या यायच्या, ते मी वर्षभर दवाच्या नावावर खपवत होतो. अर्थिंगची तार बाहेर जाऊन एका खिळ्याला गुंडाळलेली होती. खिळा भिंतीत! त्या दिवशी गावातल्या दोघांना घेऊन आपण खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पाइप उभा केला आणि तुम्ही स्वतः वरून बादली ओतलीत. संध्याकाळी मीटर दोनवर. त्यानंतर कॅमेरा लटकणं बरंच कमी झालं. ते अर्थिंगमुळेच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मुंग्या गेल्या, हे हाताला कळतं.

आपलं वाजलं ते छपरावरून. माझी फार इच्छा होती की छपराची मोटारही आठ नंबरला घ्यावी. घरबसल्या छप्पर उघडेल, केवढी मजा! तुम्ही पक्कड खाली ठेवलीत. "आत शेजारचा पोरगा झाडू मारतोय आणि तुम्ही कोथरूडात बटण दाबलंत तर?" मी म्हटलं, कॅमेरा लावू. "रात्री?" मी म्हटलं, दिवा लावू. तुम्ही म्हणालात, "सर, मग दुसरा माणूस बघा." मला राग आला होता, आता कबूल करतो. पिठलं-भाकरी येईपर्यंत आपण बोललो नाही. मग माझ्या लक्षात आलं, की दुर्बीण उभी असताना छप्पर सरकलं तर आधी तिचंच मुंडकं जाईल. छपराची किल्ली आज खोलीतच भिंतीला आहे. शेजारचा पोरगा संध्याकाळी येऊन, आत डोकावून, छप्पर उघडतो आणि मला फोन करतो. आठ नंबर रिकामा आहे.

डब्याच्या झाकणाला आतून तुमच्या अक्षरातला तक्ता अजून चिकटलेला आहे. '१ राउटर – नेहमी चालू. २ पीसी – आधी आतून बंद करणे, मग वीज. ३ कॅमेरा – १० सेकंद. ४ माउंट – वीज आल्यावर बंदच राहणे. ५ दव-हीटर – दोन तासांनी आपोआप बंद.' माउंटची ओळ मला तेव्हा पटली नव्हती. पण मधेच वीज गेली की दुर्बीण कुठे बघतेय याचा त्याला पत्ता राहत नाही, आणि आल्या आल्या तो भलतीकडे फिरू शकतो. जूनमधल्या पहिल्या वादळात वीज एका तासात अकरा वेळा गेली. माउंट गप्प बसून होता, राउटर प्रत्येक वेळी उठला.

कार्तिक अमावास्येला रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कॅमेरा पुन्हा लटकला. मी अंथरुणातूनच पान उघडलं, तीन नंबर, बंद करून पुन्हा चालू. दहा सेकंदं मोजली, सवयीने तोंडानेच. कॅमेरा आला. टक् ऐकू आलं नाही, त्याची मात्र चुटपुट लागली. बायको म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

येत्या जेमिनिड उल्कावर्षावाला, १३ डिसेंबरच्या रात्री, वेल्ह्याला या. सूनबाईंना आणि नातवाला घेऊन या. छप्पर तुमच्यासमोर उघडू, हाताने. आणि हो, फाल्गुनपासून दर पंधरा दिवसांनी अर्थिंगला पाणी घालायला सांगितलं होतंत. पाऊस संपून जमीन यंदा लवकर वाळली, म्हणून मी फाल्गुनाची वाट पाहिली नाही. गेल्या रविवारी दोन बादल्या घातल्या. मीटर दोनवरच आहे.

तुमचा,
वेल्ह्याचा मास्तर