औषधांची खोकी आणि नैरोबीचे कस्टम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात पूर्व आफ्रिकेला सेवाकार्यासाठी निघालेल्या एका ख्रिस्ती गटाच्या निरोपाची बातमी वाचली. छायाचित्रात चर्चच्या पायऱ्यांवर औषधांची खोकी आणि कपड्यांच्या बॅगा रचलेल्या आहेत, पाळकसाहेब त्यांवर हात ठेवून प्रार्थना करत आहेत. त्या प्रार्थनेला माझेही आमेन. पण त्या खोक्यांबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

मी मिरजेची. नर्सिंग शिकले, वॉर्डात नोकरी केली आणि शेवटची काही वर्षे औषध भांडार सांभाळले. मागच्या जुलैमध्ये आमच्या भागातल्या काही चर्च-मंडळ्यांचा मिळून एक गट केनियाला निघाला, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही हव्यातच."

आम्हाला बोलावणाऱ्या मिशन रुग्णालयाचे पत्र आधीच आले होते. औषधे आणू नका, असे त्यात स्पष्ट होते. केनियाच्या वैद्यकीय किंवा नर्सिंग परिषदेचा तात्पुरता परवाना नसेल तर डॉक्टर असो वा नर्स, रुग्णाला हात लावता येणार नाही, हेही होते. आमच्यातल्या काहींना ते लागले. "मग जायचे कशाला?" असा सूर निघाला. रुग्णांच्या नातेवाइकांपाशी बसायचे, चादरी-गाऊन शिवायचे, शिकाऊ मुलींशी बोलायचे, प्रार्थनेला उभे राहायचे, असे काम आम्हाला नेमून दिले होते. मला ते पटले. परदेशातून आलेली अनोळखी बाई आमच्या वॉर्डात येऊन इंजेक्शन द्यायला लागली असती, तर मी दिले असते का करू?

रात्रभर गाडीने मुंबई गाठली. पहाटे विमानतळाबाहेर 121 वे स्तोत्र वाचले आणि आत गेलो. काउंटरवर पहिल्यांदा यलो फीवरची, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराची, लस घेतल्याचे पिवळे कार्ड मागितले. ही लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते आणि दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो. तो नसेल तर परतताना भारतात विलगीकरणात बसावे लागते. 2016 पासून एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गटांत माझ्या वयाच्या बायका बऱ्याच असतात आणि "सगळ्यांनी घेतली म्हणून मीही घेतली" असे होते.

प्रवास सहा तासांचा. घड्याळ अडीच तास मागे घ्यायचे. नैरोबीला उतरल्यावर प्लास्टिकच्या पिशव्या काढून ठेवायला लावल्या, कारण त्या देशात 2017 पासून त्यांवर बंदी आहे आणि ती पाळली जाते. आपल्याकडेही 2018 ची बंदी आहे, हे त्या वेळी आठवून वाईट वाटले.

आमच्याच विमानात भारतातला आणखी एक ख्रिस्ती गट होता. तरुण मुले, गळ्यात ओळखपत्रे, आणि सोबत औषधांच्या मोठ्या पेट्या. कस्टमच्या माणसाने पेट्या उघडायला सांगितल्या. केनियात औषधे आणायची तर तिथल्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची परवानगी आधी घ्यावी लागते. ती नव्हती. मी शेजारच्या रांगेत होते, मला आत दिसत होते. डॉक्टरांना कंपन्या देतात त्या 'विक्रीसाठी नाही' छापलेल्या नमुन्याच्या पट्ट्या होत्या, अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या होत्या, सिरपच्या काही बाटल्यांवर जेमतेम दोन-तीन महिन्यांची मुदत उरली होती. त्यांचा पुढारी पुन्हा पुन्हा सांगत होता, "गरिबांसाठी आहे, फुकट आहे." अधिकारी शांतपणे एकच विचारत होता, परवाना कुठे आहे? आम्ही बाहेर पडलो तरी ती मुले तिथेच उभी होती. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होते. तिचा जीव त्या कामात होता हे दिसत होते, आणि म्हणूनच तिला पाठवणाऱ्यांचा मला राग आला. मोठ्यांनी चार ओळींचे पत्र लिहून आधी विचारले असते तर त्या लेकराचा पहिलाच दिवस असा गेला नसता.

तो अधिकारी बरोबर होता. दान दिलेले औषध पोहोचताना त्याची मुदत किमान एक वर्ष उरलेली असावी, रुग्णांनी परत केलेली औषधे आणि नमुन्याच्या पट्ट्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत कधीचे लिहिलेले आहे. परदेशातून आलेली अशी खोकी मी स्वतः भांडारात उपसली आहेत. लेबल कुठल्या भाषेतले ते कळायचे नाही, मात्रा निराळी, मुदत संपलेली. टाकून द्यायलाही नोंदी कराव्या लागतात आणि तो वेळ वॉर्डातून जातो. देणाऱ्याचे मन मोठे होते, हे तेव्हाही मी मानत होते.

विमानतळावरून आम्हाला नैरोबीच्या वायव्येला न्यायचे होते. लिमुरूच्या बाजूचे चहाचे मळे गेले आणि मग एकदम दरी उघडली. रिफ्ट व्हॅली. समोर लोंगोनोटचा डोंगर, रस्त्याकडेला भाजलेली कणसे विकणाऱ्या बायका. जुलै असून अंगावर स्वेटर लागत होते. नैरोबीच समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर आहे.

संध्याकाळी तिथल्या मेट्रनबाईंनी चहा-चपाती पुढे ठेवली आणि मी औषधांचा विषय काढला. त्यांनी सांगितले ते प्रत्येक मंडळीच्या फलकावर लावावे असे आहे. 1986 पासून नैरोबीत 'मेड्स' ही संस्था आहे. कॅथलिक बिशपांची परिषद आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांची ख्रिस्ती आरोग्य संघटना यांनी ती मिळून उभी केली. ती औषधे घाऊक घेते, स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासते आणि मिशन रुग्णालयांना पुरवते. रुग्णालयाच्या खात्यात पैसे आले की हवे ते औषध, हव्या त्या मात्रेत, मागवता येते. कपड्यांचेही तसेच. नैरोबीतला गिकोम्बा बाजार परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांनी भरलेला असतो, त्यावर हजारो लोकांचे पोट चालते. तिथे आपण विमानाचे वजन भरून साड्या-शर्ट नेण्यात काय अर्थ?

काहींना वाटेल, बाई नियमांचेच घेऊन बसल्या, श्रद्धेचे काय? मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये आपल्या भागात आले आणि जवळजवळ चाळीस वर्षे राहिले. 1894 मध्ये मिरजेत त्यांनी रुग्णालय उभे केले, ते इथल्याच माणसांना शिकवून, हाताशी धरून. आपण काही थोड्या दिवसांसाठी जातो. इतक्या थोड्या काळात यजमानांना ओझे व्हायचे नाही, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आणखी एक. केनियाने 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. त्यात येण्याचा हेतू विचारतात. "पर्यटन लिहून टाका" असा सल्ला आपल्याच लोकांकडून मिळतो. प्रभूच्या कामाला निघताना पहिल्याच कागदावर खोटे लिहू नये. यजमानांना विचारून खरे ते लिहावे.

बातमीतला गट पुढच्या महिन्यात निघणार आहे, असे आपण छापले आहे. त्यांनी याच आठवड्यात यजमान रुग्णालयाला औषधांची यादी पाठवून विचारावे. नकार आला तर ती खोकी आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या डॉक्टरांना दाखवावीत, चालण्याजोगी त्यांनी ठेवून घ्यावीत आणि गोळा झालेले पैसे तिकडे पाठवावेत. यलो फीवरच्या लसीलाही अजून वेळ आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज