शीघ्र कृती पथक निवड चाचणी: गस्तीवरील अंमलदारांसाठी सूचना

चाचणी येत्या शनिवारी सकाळी 6 वाजता, रत्नागिरी पोलीस मुख्यालयाच्या कवायत मैदानावर. रात्रपाळी संपवून थेट येऊ नये. झोप नसेल तर नेम चुकतोच.

- धाव चिलखत आणि हेल्मेट घालूनच. बूट खोल खाचांचे हवेत. शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत तळ टिकत नाही.
- शस्त्र रिकामे करताना आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मगच बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) ओढा. उलट केल्यास नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, चढते. ही चूक दिसली की उमेदवार बाद, नेमबाजी कितीही चांगली असो.
- टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) जखमेच्या दोन-तीन इंच वर, धडाच्या बाजूला; सांध्यावर नाही. बांधल्याची वेळ लिहा. हे बहुतेकजण विसरतात.

निवडलेले अंमलदार एरवी गस्तीवरच राहतील आणि कॉल आला की तिथूनच निघतील. दारूगोळा सोबत आणू नये, फाटकावर तपासणी होईल.